म्हापशाच्या रेडिओवाल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न.

नाव घालू नको असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून घालत नाही. म्हापशाच्या बाजारात ज्यांनी कधी ट्रान्झिस्टर दुरुस्तीला दिला असेल ते तसंही ओळखतील. तुम्ही फोनवर काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुमची नात हे पत्र वाचून दाखवणार आहे, तिच्याशी माझं तसं बोलणं झालंय.

माझ्या बाबांचा बंद पडलेला रेडिओ तुम्ही पुन्हा बोलता केलात, त्याबद्दल दुकानात आभार मानायला तोंड उघडलं तर तुम्ही हातानंच थांबवलंत आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर पुढ्यात ओढलात. मग म्हटलं, लिहूनच सांगावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. माळ्यावर असाच एखादा मुका संच पडून असलेली घरं गोव्यात पुष्कळ असतील. बोटीवर गेलेल्या माणसांनी परदेशातून काय काय आणलंय इथं!

माझे बाबा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर जीएमडीएसएस ही नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशभाषा, जाणणाऱ्या माणसाची जागा जहाजावर उरली नाही. बाबा डिचोलीला घरी परतले ते एक पत्र्याची पेटी, मोर्सची की आणि हातात मावणारा हा काळा स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या लहरींवरचं ऐकायचा रेडिओ, घेऊन. पुढे त्यांनी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला. त्यांच्यामुळे मीही परीक्षा दिली. संध्याकाळी तुळशीपाशी उभं राहून ते अँटेना आभाळाकडे धरायचे आणि अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर काही ऐकू येतं का ते बघायचे. दहा मिनिटांत स्थानक क्षितिजाखाली जायचं. मग चहा.

बाबा गेल्यावर स्कॅनर कपाटात राहिला. चार पावसाळे. आतले सेल मी काढले नाहीत, ही माझी पहिली चूक. यंदा चालू करायला गेले तर बटणाचा टक्‌ असा आवाज आला, बाकी काही नाही. जुने सेल काढून नवे सहा घातले, तरी नाही. मग घरात पडलेला एक अडॅप्टर जोडला. पिन बसली, व्होल्टेज जुळत होतं, एवढंच बघितलं. मधली पिन धन की ऋण हे बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. एका दुकानात दाखवला तर झाकण न उघडताच उत्तर मिळालं, बोर्ड उडालंय, टाकून द्या. परत येताना बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते आणि आपल्या हातानंच बाबांची वस्तू मारली असं वाटत होतं.

तुमच्याकडे आले तो शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो "काय झालं?" असा नव्हे, "तू काय काय केलंस?" असा. मी अडॅप्टरचंही खरं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. "बरं झालं सांगितलंस, माझा अर्धा तास वाचला," म्हणालात. आणि झाकण उघडण्याआधीच स्पष्ट सांगितलंत, "बाय, आत भरलेले चॅनेल गेले असणार. त्याची आशा धरू नको. बाकीचं पळोवया." ते ऐकून वाईट वाटलं, पण तुमच्यावर विश्वास बसला तो तिथंच.

त्यानंतरचा दीड तास मी विसरणार नाही. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि मल्टिमीटरच्या कांड्या माझ्याच हातात दिल्यात. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगांवर पांढरा भुगा जमला होता. मी बुरशी म्हटलं. तुम्ही म्हणालात, बुरशी नव्हे, सेलचा क्षार. सेल फुटला की आतला अल्कली द्रव बाहेर येतो, हवा लागून त्याचा असा भुगा होतो, आणि आपल्या दमट हवेत तो तारेतूनही पुढे सरकत जातो. म्हणून अल्कलीवर आम्ल. बाटलीतून माडाच्या व्हिनेगरचा एक थेंब कापसाच्या काडीवर घेतलात, स्प्रिंगेवर टेकवलात, तो फसफसला. लगेच ओल्या काडीनं पुसलंत, मग स्पिरिटनं, कारण व्हिनेगर तिथं राहिलं तर तेच धातू खाईल. काळ्या तारेचं वरचं प्लास्टिक अगदी चांगलं दिसत होतं. तुम्ही नखाएवढं सोललंत, तर आतलं तांबं काळंठिक्कर. ती तार बदललीत.

पुढे मी मोजत गेले आणि तुम्ही बोट दाखवत गेलात. सेलच्या टोकांना ९ व्होल्टच्या आसपास. अडॅप्टरच्या सॉकेटच्या अलीकडे तेवढेच. पलीकडे शून्य! त्या सॉकेटच्या आत एक पत्ती असते, पिन घातली की ती उचलली जाते आणि सेल बाजूला पडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पिन काढल्यावर ती परत टेकायला हवी. टेकत होती, पण गंजावर. स्पिरिटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी तुम्ही तिच्या फटीतून चार-पाच वेळा ओढलीत आणि प्रत्येक वेळी पट्टीवर उमटलेली हिरवट रेघ मला दाखवलीत. शेवटची पट्टी कोरी आली.

मग माझ्या अपराधाची पाळी आली. रेझिस्टरसारखा दिसणारा एक बारीक तुकडा दाखवून तुम्ही म्हणालात, हा फ्यूज. कांड्या टेकवल्या, बीप नाही, म्हणजे वाट तुटलेली. त्याच्या शेजारचा डायोड, ज्यानं करंट एकाच दिशेनं जाऊ द्यायला हवा, तो मात्र दोन्ही बाजूंनी बीप देत होता. तुम्ही जे सांगितलंत ते मला शब्दन्‌शब्द आठवतं: "उलटा करंट आला तेव्हा डायोडनं तो स्वतःवर घेतला, त्या ओढीनं फ्यूज जळला. दोघं मेले म्हणून बोर्ड वाचलं. तू काही मारलं नाहीस." काका, डायोड दोन रुपयांचा असेल. हे एक वाक्य सांगायला मात्र त्या दुसऱ्या दुकानात कुणाला सवड नव्हती.

फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून बघूया का, असं मी घाईनं विचारलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा कडक आवाजात "नाही" म्हणालात. बरोबर होतं तुमचं. तार जोडली असती तर पुढच्या चुकीला अडवायला कुणीच उरलं नसतं.

बोर्ड नाकाशी धरून तुम्ही वास घेतलात, तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकाला नवल वाटलं. जुने कपॅसिटर गळले की मासळीसारखा वास येतो. तसा वास नव्हता. पण तेवढ्यावर तुम्ही विसंबला नाहीत, भिंग लावून एकेकाचं बूड बघितलंत. आणि सगळं झाल्यावरही सेल सरळ जोडले नाहीत. मध्ये टॉर्चचा छोटा बल्ब घातलात. कुठं शॉर्ट राहिला असेल तर बल्ब भक्कन पेटेल आणि बोर्डावर येणारा करंट तोच अडवेल. बल्ब जेमतेम लालसर झाला. स्कॅनरच्या पडद्यावर आकडे उमटले. स्क्वेल्चची, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी, कळ फिरवल्यावर ती खरखर आली, आमच्या अंगणातली. मी तेव्हा काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत, मागं वळून स्टोव्हवर चहा ठेवलात.

चहा पिताना तुम्ही विचारलंत, यावर ऐकतेस काय? मी अंतराळ स्थानकाचं सांगितलं. तुम्ही तुमच्या वडिलांचं सांगितलंत. गोवामुक्तीच्या आधी आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गुप्त रेडिओ केंद्र चालवायचे, १९५५ पासून थेट १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. तुमच्या घरी दारं-खिडक्या लावून, रेडिओवर गोधडी टाकून ते ऐकायचे, आणि लहानग्या तुम्हाला बाहेर पायरीवर बसवायचे, कुणी आलं तर खोकायला. "मी कधी ऐकलं नाही. मी फक्त खोकलो," म्हणालात. दुरुस्तीचं वेड कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

पैसे किती घेतलेत ते इथं लिहीत नाही, लोक तुम्हाला त्रास देतील. फार कमी घेतलेत, एवढंच.

घरी आल्यावर मी बाबांची पेटी उपसली. चॅनेल गेले होते, तुम्ही म्हणालात तसेच. पण पेटीच्या तळाशी कालनिर्णयचं एक पान सापडलं. त्याच्या पाठीवर पेन्सिलनं एकोणीस ओळींची यादी, बाबांच्या त्या उभ्या, काटेकोर आकड्यांत. १५६.८०० सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित. ते समुद्रावरचं सोळावं चॅनेल, संकटाची हाक मारायचं. माझा परवाना हॅमचा, म्हणून ते कागदावरच राहू दिलं. १४४ ते १४६ मधले सगळे मात्र एकेक करून भरले. मंगळवारी संध्याकाळी स्थानक वरून गेलं. १४५.८०० वर शांत होतं. १४५.८२५ वर डिजिटल पॅकेटचे, म्हणजे बोलण्याऐवजी यंत्रांच्या संदेशांचे, छोटे छोटे फटकारे आले, सात मोजले. आई दारात उभी होती. तिनं विचारलं, "तेच ना?" मी म्हटलं, "तेच."

सेल आता वापर झाला की काढून ठेवते. स्कॅनरचा बाबांचा मूळ अडॅप्टर कपाटातच होता, त्याला लाल दोरा बांधलाय. दुसरा कुठलाही त्या खोलीत ठेवत नाही.

काका, मनापासून आभार. आणखी एक काम आहे. यादीतली शेवटची ओळ घडीवर आली आहे, पेन्सिल पुसट झाली आहे. १४५ आहे एवढं कळतं, पुढचे तीन आकडे लागत नाहीत. तुमच्या भिंगाखाली लागतील असं वाटतं. येत्या शुक्रवारी बाजाराला येते तेव्हा पान घेऊन येते. स्कॅनरही आणीन, तुम्हाला ऐकायचाय म्हणालात.

तुमची,
डिचोलीची बाय