वाघरीवरची उडी

तीर्थरूप आबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं पाऊस, मेंढरं आणि आईचा गुडघा यापलीकडं जात नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. वहिनीला म्हणावं सावकाश वाचून दाखव, आणि इंग्रजी शब्द आला तर अडखळू नको. हे पत्र त्या शब्दांबद्दलच आहे.

आबा, दहावीत असताना मी जिल्ह्याच्या स्पर्धेहून परत आले ती रात्र आठवते? एसटीतून उतरले ती लंगडतच. पायात गोळा आला, पळताच आलं नाही, असं मी सांगितलं. तुम्ही करडईचं तेल कोमट करून माझी पोटरी चोळत बसलात. आई, तू काही विचारलं नाहीस, नुसतं ताट वाढलंस. गोळा आला नव्हता. २२ वर्षं झाली, आज खरं सांगते.

चारशे मीटर हर्डल्सच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, पहिल्या फेरीत मी दुसरी आले होते. दम खात उभी होते, तेवढ्यात हातात पिवळं निशाण घेतलेले एक पंच आले आणि माझ्या छातीवरचा नंबर बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. त्यातला ‘ट्रेल लेग’ हा शब्द मी ‘ट्रायल’ असा ऐकला. निवड चाचणीला आमचे सर ट्रायल म्हणायचे, तेवढा एक शब्द मला माहीत होता. मागून आलेला लांबलचक शब्द कळलाच नाही. तो ‘डिसक्वालिफाइड’ होता, म्हणजे बाद. सर मुलांच्या कबड्डीकडं गेलेले, विचारणार कुणाला? मला वाटलं, झाली ती नुसती चाचणी, खरी शर्यत अजून व्हायचीय. लिंबाखाली जाऊन बसले. पोट जड होईल म्हणून तू बांधून दिलेली भाकरी सोडलीसुद्धा नाही. चारच्या सुमाराला बंदूक वाजली आणि माझ्यासमोरून पोरी पळत गेल्या. मी उठून मोजल्या. आठ लेन, आठ पोरी.

माझी चूक काय होती ते दोन वर्षांनी पुण्यात समजलं. हर्डलवरून जाताना जो पाय आधी पलीकडं पडतो तो लीड लेग, आणि गुडघ्यात दुमडून बाजूनं ओढून आणायचा तो ट्रेल लेग. हा मागचा पाय हर्डलच्या बाजूनं, आडव्या फळीच्या पातळीखालून गेला की धावपटू बाद. वळणावर मी आतल्या पांढऱ्या रेषेला चिकटून पळत होते आणि उजवा पाय पुढं टाकत होते, त्यामुळं डावा पाय हर्डलच्या बाहेरून लोंबत गेला. वळणावर डावा पाय पुढं टाकला असता तर हे झालंच नसतं. आधी कुणी एवढं एक वाक्य मराठीत सांगितलं असतं, तर महिन्याभराच्या सरावात पाय बदलता आला असता. मला राग त्या पंचांचा येत नाही, त्यांनी नियम पाळला. राग याचा येतो, की मी १० अडथळे ओलांडले आणि त्या खेळातला एक शब्द मला कुणी समजावून दिला नव्हता.

म्हणून ही वही. संध्याकाळी मैदानावर माझ्याकडं शिकायला १४ मुली येतात. बहुतेकींचे आईवडील बांधकामावर, दोघी धनगरांच्या. त्यांच्यासाठी मी रोज एकेक शब्द फोडून लिहिते. नुसता अर्थ लिहून भागत नाही. त्या शब्दावर अंगानं काय करायचं, ते लिहावं लागतं. ‘ऑन युअर मार्क्स’ म्हटलं की रेषेमागं हात टेकायचे, ‘सेट’ म्हटलं की कंबर उचलून दगडासारखं थांबायचं, आणि बंदुकीआधी निघालं तर फॉल्स स्टार्ट. पूर्वी एक चूक माफ असायची, २०१० पासून पहिल्याच चुकीला घरी. ‘हीट’ म्हणजे पहिली फेरी, उष्णता नव्हे. हा शब्द मी सगळ्यात आधी लिहिला. ‘फायनल’च्या पुढं मी काहीच लिहिलं नाही, तो सगळ्यांना येतो.

आबा, आता तुमच्या कामाचं. हर्डल हा शब्द मुळात मेंढरांचा आहे. इंग्लंडात मेंढपाळ हेझेलच्या किंवा विलोच्या काठ्या विणून ताट्या करायचे आणि रानात त्या एकाला एक लावून मेंढरं कोंडायचे. सकाळी उचलायच्या, दुसऱ्या शेतात रोवायच्या. त्या ताटीचं नाव हर्डल. पुढं पोरं त्यावरून उड्या मारायला लागली आणि त्याची शर्यत झाली. म्हणजे ती त्यांची वाघरच की! त्यांची काठ्यांची, आपली दोरीच्या जाळीची. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. वाघर लागली की मी या अंगानं त्या अंगाला उड्या मारायचे, पाय अडकून मेखा उपटायच्या, तुम्ही ओरडायचात, “पोरी, मेंढरं बिथरतील!” हर्डल म्हणजे काय ते मला जिल्ह्याच्या मैदानावर गेल्यावर कळलं असं मी समजत होते. ते तर मी आपल्या रानातच शिकले होते.

आताची हर्डल धातूची असते, वर लाकडाची फळी. बायकांच्या चारशे मीटरला ती ७६.२ सेंटिमीटर उंच, साधारण माझ्या मांडीच्या वरच्या भागाशी. पहिली ४५ मीटरवर, पुढच्या दर ३५ मीटरवर, आणि शेवटच्या हर्डलनंतर ४० मीटर नुसतं पळणं. पायाच्या दोन पट्ट्या नेहमी धावणारीच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे धक्का लागला की हर्डल पुढं कोसळते आणि पोरगी वाचते. उलटी ठेवली तर ती पडतच नाही, गुडघा फुटतो. मागच्या महिन्यात एकीनं घाईत उलट्या मांडल्या होत्या. मी हातानं एक ढकलून दाखवली, मग फिरवून ढकलून दाखवली. हे शिकवायला शब्द लागला नाही. आणि ओलांडताना चुकून हर्डल पडली म्हणून कुणी बाद होत नाही, हेही वहीत मोठ्या अक्षरात आहे. पडेल या भीतीनंच मुली उंच उडतात आणि वेळ घालवतात. हर्डलवरून उडायचं नसतं, पळता पळता ओलांडायचं असतं.

सगळे मराठी शब्द बरोबरच आहेत असंही नाही बरं का. ‘गोळाफेक’ घ्या. तो गोळा फेकायचा नसतोच. मानेशी टेकवून एका हातानं खांद्यावरून ढकलायचा असतो, इंग्रजीत त्याला ‘पुट’ म्हणतात. आपण ‘फेक’ म्हणतो म्हणून नवी मुलगी चिंचा पाडायला दगड मारावा तसा हात मागं नेते, आणि तो प्रयत्न बाद. मी वहीत कंसात ‘ढकल’ लिहिलंय. थाळी आणि भाला मात्र खुशाल फेकावेत.

आई, तुझ्यासाठी एक शब्द राखून ठेवलाय, स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे चर्चचा निमुळता मनोरा. एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्याकडं नजर ठेवून घोडे दौडवायचे, वाटेत ओढा येवो नाहीतर कुंपण, ओलांडायचं. तू माहेरी चालत निघालीस की शिंगणापूरचं शिखर डोळ्यासमोर धरून रानारानानं जायचीस ना, तसंच. आता ती ३००० मीटरची माणसांची शर्यत आहे, २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. पाण्यापुढचा अडथळा हलत नाही, त्याच्या फळीवर पाय देऊन ३.६६ मीटर पाण्याच्या टोकाकडं झेप घ्यायची. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत पळाली. पहिल्या फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावी. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत आपल्या देशाची बाई ३२ वर्षांनी उभी होती. त्याआधीची पी. टी. उषा, १९८४, लॉस एंजेलिस, चारशे मीटर हर्डल्स, माझीच शर्यत. ५५.४२ सेकंद. तिसरी आली तिला ५५.४१. या एका शतांश सेकंदाचा शब्द आहे फोटो फिनिश, शेवटच्या रेषेवरचा फोटो बघून निकाल लावायचा. हा समजावताना माझा आवाज दर वेळी बदलतो, मुली आता हसत नाहीत, गप्प बसतात.

मोही आपल्यापासून कितीशी लांब! ललिताचं नाव घेतलं की त्या दोन धनगरांच्या पोरी ताठ बसतात.

आबा, वहीत एक जागा कोरी आहे, ती तुम्ही भरायचीय. लीड लेगला मी ‘म्होरका पाय’ लिहिलंय, कळपाच्या पुढं चालणारीवरून. मुलींनी तो लगेच उचलला. ट्रेल लेगला नुसतं ‘मागचा पाय’ मला पुरत नाही. तो मागचा खरा, पण त्याला ओढून आणावं लागतं, बाजूला भरकटू द्यायचं नसतं. कळपात मागं रेंगाळून बांधाबांधांनी तोंड घालणाऱ्या मेंढीला तुम्ही एका शब्दानं हाक मारायचात. तो शब्द मला आठवत नाहीय. आईला विचारा, तिला आठवेल. रविवारी फोन करते, तेव्हा दोघांनी मिळून सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलींना घेऊन येतेय. रानात वाघर लावून ठेवा, जरा ताणून. आणि आई, त्या दिवशीची भाकरी मी रात्री परत येताना एसटीत खाल्ली होती, टाकली नव्हती.

तुमची,
लेक