कार्ड बनावट निघते, तेव्हा परतीची मुदत गेलेली असते

संपादक महोदय,

मुंजी-लग्नांचा हंगाम आला की माझ्या अल्बमच्या दुकानात तरुण फोटोग्राफर कॅमेऱ्याची मेमरी कार्डे घेऊन येतात. परवा एकाने राजेंद्रनगरातल्या मुंजीचे कार्ड आणले. मातृभोजनापर्यंतचे फोटो झकास. भिक्षावळीपासूनच्या फायली यादीत दिसत होत्या, पण एक उघडेल तर शपथ! कार्डावर नामवंत कंपनीचे नाव आणि १२८ जीबीचा आकडा. घेतलेले ऑनलाइन, अर्ध्या किमतीत.

अशा कार्डात चिप असते १६ किंवा ३२ जीबीची आणि तिचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारा भाग, कॅमेऱ्याला १२८ सांगत राहतो. खरी जागा संपली की पुढचे फोटो नावापुरते उरतात. काही कार्डे तर जुन्यांवरच नवे गिरवतात. जे लिहिलेच गेले नाही ते रिकव्हरीवाला आणणार कुठून? आता हे बटूच्या आजीला कोणी समजवायचे?

पाकीट आणि होलोग्राम नीट पाहा, असे सगळेच सांगतात. नकली पाकिटे हल्ली इतकी हुबेहूब छापतात की त्या सल्ल्यावर माझा विश्वास उरलेला नाही. खरी मेख अशी, की कार्ड अर्धेमुर्धे भरेपर्यंत बिनतक्रार चालते आणि तोवर परतीची मुदत उलटते. म्हणून पार्सल आले त्याच दिवशी कार्ड तपासावे. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतात: विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेले परत वाचून पडताळतात. वेळ लागतो, लागू द्यावा. १२८ जीबीचे अस्सल कार्ड विंडोजवर ११९ च्या आसपास दिसते, त्याने दचकू नये. नुसत्या त्या आकड्यावर विसंबूही नये, नकलीही तोच दाखवते.

कॅमेऱ्याच्या बॅटरीचेही तेच. स्वतःच्या नावाने स्वस्त बॅटरी विकणाऱ्यांशी माझे भांडण नाही, दुसऱ्याचे नाव छापणाऱ्यांशी आहे. लिथियम बॅटरीवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकून बघता येतो.

जेल रोडच्या दुकानदाराने फसवले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या काउंटरवर जाऊन उभे राहता येते. ऑनलाइन मात्र ब्रँडचे नाव ठळक आणि विकणारा कोण ते शोधायला भिंग लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता ग्राहकाला दिसलेच पाहिजेत, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. त्यात एक भर घालावी: मेमरी कार्डांच्या परतीची मुदत निदान महिन्याची करावी. तोवर ग्राहकांनी बिल, पाकीट आणि तपासणीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. साइटने हात वर केले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तेच लागतात.

आपला,
एक अल्बमवाला,
लोकमान्यनगर, इंदूर