मूल सोपवणाऱ्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या सामान्य कुटुंबांविषयी मराठीत, आपल्या दैनिकातही, जे थोडेफार लिहिले जाते, त्यातली गोष्ट मूल दारात येते तेव्हा सुरू होते आणि युद्ध थांबले की संपते. ज्यांनी ते मूल परक्याच्या हाती दिले त्या आईवडिलांचा, किंवा युद्धानंतर त्या मुलाचे काय झाले याचा, तिथे मागमूसही नसतो. मुलीकडे ॲम्स्टरडॅमला राहिले असताना प्लांटाज मिडनलान या रस्त्यावर मी अनेकदा गेले, आणि तेव्हापासून ही उणीव मला फार बोचते.

हॉलंडचा ताबा घेतलेले नाझी 1942 पासून या रस्त्यावरच्या नाट्यगृहात ज्यूंना पकडून आणत आणि तिथून छावण्यांकडे पाठवत. लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवले जाई. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि नाट्यगृहाची व्यवस्था पाहणारे वाल्टर झ्युस्किंड यांनी मुलांची नावे नोंदींतून काढून त्यांना बाहेर नेण्याची वाट तयार केली. हे दोघे स्वतः ज्यू होते आणि दोघेही युद्धातून वाचले नाहीत. पाळणाघराशेजारच्या अध्यापक विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट कुंपणापलीकडून मुले घेत. समोर ट्राम थांबली की पहारेकऱ्याची नजर अडे, तेवढ्यात परिचारिका मुलाला घेऊन चालू लागत. अशी सुमारे 600 मुले वाचली. मात्र मूल न्यायचे तर आधी रस्त्यापलीकडे कोंडलेल्या आईबापांचा होकार घ्यावा लागे. आपले पोर कुणाच्या घरी जाणार हे त्यांना कळत नसे, कारण माहिती जितकी कमी तितका धोका कमी. संशय येऊ नये म्हणून काही आया कांबळ्यात बाहुली गुंडाळून गाडीत चढल्या. कित्येकांना मूल सोडवले नाही. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

पुढे ही मुले फ्रीसलंडमधील शेतकऱ्यांकडे, लिम्बर्गमधील खाणकामगारांकडे पोचली. रॉटरडॅमच्या बॉम्बफेकीत घर गेलेला भाचा, अशी ओळख शेजाऱ्यांना करून दिली जाई. रेशनकार्ड नसलेले एक तोंड वाढे आणि पकडले गेल्यास घरधन्याची रवानगी छावणीत होऊ शके. ज्यू पकडून देणाऱ्यांना माणशी साडेसात गिल्डर (तेव्हाचे डच चलन) मिळत असताना या घरांनी मौन पाळले. ड्रेंट प्रांतातील नीउलांडे या खेड्यात तर घरोघरी कुणी ना कुणी लपलेले होते. या माणसांविषयी मला नितांत आदर आहे.

देवकी आणि यशोदा यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण इथे बहुतेक देवकी परतल्याच नाहीत. हॉलंडमधील सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1 लाखाहून अधिक मारले गेले आणि सुमारे 2,000 मुले पोरकी झाली. त्यांचे भवितव्य ठरवण्यासाठी सरकारने 1945 मध्ये आयोग नेमला. आईवडिलांनी महिन्याभरात दावा केला नाही तर पालकत्वाचा हक्क संपेल, अशी तरतूद झाली. जे मारले गेले होते, ते दावा कसा करणार होते? काही मुले मानलेल्या आईकडेच राहिली, काहींना तिच्या कुशीतून काढून नातलगांकडे किंवा ज्यू अनाथालयात नेले गेले आणि ती दुसऱ्यांदा पोरकी झाली. ज्या बाईने तीन वर्षे जीव धोक्यात घालून मूल वाढवले तिचे रडणे खरे होते. तरीही, एवढा संहार सोसलेल्या समाजाला आपली उरलेली मुले परत मागावी लागली, आणि ती मागणी आयोगापुढे अनेकदा दुय्यम ठरली, हा मला अन्याय वाटतो.

ते अध्यापक विद्यालय आता राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालयाचा भाग आहे. मार्च 2024 मध्ये ते खुले झाले. आपल्या दैनिकाने या विषयावर पुन्हा मजकूर दिल्यास त्यात पिमेंटेल आणि झ्युस्किंड यांची नावे यावीत, आणि त्या नाट्यगृहात बसून होकार देणाऱ्या आईबापांनाही जागा मिळावी, ही विनंती.

एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा