एक्स-रे साफ, तरी हाडात जंतू

संपादक महोदय,

मूल लंगडू लागले, पाय टेकवेना, अंगात ताप आला, की घरात पहिला प्रश्न, ‘कुठे पडलास?’ मुले रोजच पडत असतात, त्यामुळे उत्तरही मिळते आणि मुरगळले असेल म्हणून शेक, मालिश सुरू होते. हाडातला जंतुसंसर्ग या गडबडीत निसटतो. हे जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जखमेतूनच शिरतात असे नाही. अनेकदा रक्तावाटे येऊन लांब हाडांच्या वाढत्या टोकांपाशी, गुडघ्याच्या आसपास किंवा खुब्याजवळ, ठाण मांडतात.

खरी फसगत एक्स-रेमुळे होते. पहिले आठ-दहा दिवस त्यात हाडातला बदल बहुतेकदा दिसतच नाही आणि ‘हाड ठीक आहे’ ऐकून पालक निर्धास्त होतात. या टप्प्यावर सीआरपी, ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या आणि विशेषतः एमआरआय अधिक सांगून जातात. रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावे. आधीच अर्धवट औषध पोटात गेले असेल तर जंतू सापडणे अवघड होते. (मूल गंभीर असेल तर मात्र औषध लांबवू नये.)

निदान वेळेत झाले तर काही दिवस शिरेतून आणि पुढे तोंडावाटे, असे एकूण तीन-चार आठवड्यांचे औषध साध्या संसर्गाला सहसा पुरते. पू साठला तर शस्त्रक्रिया लागू शकते. ताप उतरताच औषध बंद करणारे पालक कमी नाहीत. मग आजार उलटतो आणि वाढीच्या भागाला इजा झाली तर पाय आखूडही राहतो. खुब्याच्या सांध्यातच पू झाला असेल तर उद्यापर्यंत थांबणेही महागात पडते.

– एक वाचक