पाच माणसं पुरतात का?

प्रिय आई-बाबा,

सा. न.

बाबा, अ‍ॅप वापरणार लाखो लोक आणि तुम्ही पाचजणांना ते वापरायला बसवून, कुठे अडतात ते बघून निष्कर्ष काढता, हा कुठला हिशोब, असं तुम्ही विचारलंत. हिशोब आहे, पण त्याला अटी आहेत.

जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर या, संगणक वापरायला सोपे कसे करायचे याचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एका माणसाला वापरायला बसवलं की सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. दुसरा बसला की त्यातल्या काही पुन्हा दिसतात, नव्या कमी. तिघांत ६७ टक्के, पाचांत ८५च्या आसपास. म्हणून १५ जण एकदम बसवण्यापेक्षा पाच बसवायचे, दुरुस्ती करायची, मग पुढचे पाच. पण ३१ ही त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांची सरासरी. दहातल्या एकालाच नडणारी अडचण पाचांत सापडायची शक्यता ४१ टक्केच. आणि 'पाचपैकी तीन अडकले, म्हणजे ६० टक्के लोक अडकणार' असं तर लिहूच नये. नवशिके ते बिनधास्त स्लाइडवर टाकतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही वापरणार असतील तर प्रत्येक गटाचे तीन-चार वेगळे लागतात.

चाचणी जास्त बिघडते ती प्रश्नामुळे. "'बिल भरा' बटण दाबा" म्हटलं की उत्तरच सांगून झालं. "लाईटबिल आलंय, ते या फोनवरून चुकतं करा" एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. माणूस थांबला तरी मनात दहा आकडे मोजल्याशिवाय मदत नाही. "आवडलं का?" हा प्रश्न बाद, कारण आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला सगळे "छान आहे" म्हणतात. वहीत दोन रकाने: काय केलं आणि काय म्हणाले. दोन्हींत तफावत दिसली तर केलेलं खरं धरायचं.

चाचणी शक्यतो त्यांच्याच फोनवर. साठीपुढच्या कितीतरी लोकांनी अक्षरं मोठी केलेली असतात. मग खालचं बटण स्क्रीनबाहेर जातं आणि ते भरलेला फॉर्म सोडून देतात. मराठीत आणखी एक गोम: इंग्रजीच्या मापाने ओळींची उंची ठरवली तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. इंग्रजीतलं तीन अक्षरी बटण मराठीत 'पैसे भरा' झालं की दोन ओळींत मोडतं, ते वेगळंच. हे डिझायनरच्या संगणकावर सहसा दिसत नाही.

तुम्हा दोघांना मी बसवणार नाही, तुम्ही माझी बाजू घ्याल. आई, तुझ्या भिशीतल्या दोघीतिघी मिळतील का? अट एवढीच: साठीच्या पुढच्या, गेल्या महिन्यात एखादं बिल स्वतः फोनवरून भरलेलं आणि आपल्या नात्यातल्या नकोत. ४५ मिनिटं लागतील, मानधन मिळेल, खोटं बिल आणि खोटं खातं देऊ, त्यामुळे खऱ्या पिनची गरज नाही. रेकॉर्डिंगला नाही म्हणाल्या तरी चालेल. फक्त बटणं कुठे आहेत ते आधी सांगून ठेवू नकोस.

तुमची,
मनू