आजी वावरात कधी गेली होती

ती. बाबा आणि ती. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसलो. आई, सीतादहीचा, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीला आजी वावरात बसली होती तो फोटो कधीचा, याचा उलगडा झाला आहे. बाबा, हे पत्र तिला वाचून दाखवा, आणि मधला कॉम्प्युटरचा भाग आला म्हणून पानं उलटू नका, कारण सगळं त्यातच आहे.

मागच्या खेपेला मी घरच्या कॉम्प्युटरवरचे फोटो डिस्कवर भरून आणले. तिथं ते फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की नुसतं गोल फिरत राहायचं आणि शेवटी बंद पडायचं, तसंच ते इथं पुण्यातही झालं. मग फोल्डरमधले फोटो निम्मे-निम्मे करत वेगळे काढले. ज्या निम्म्यावर अडतं त्याचे पुन्हा निम्मे. असं करत एका फोटोपाशी आलो. वर निंबाचा शेंडा दिसतो आणि खाली सगळं राखाडी. फोटो कॉम्प्युटरवर घेताना मधेच लाइन गेली असणार आणि तो अर्धाच उतरला. तेवढी एक फाइल बाजूला केल्यावर बाकीचे फोटो दिसू लागले, पण फोटोची माहिती विचारली की सॉफ्टवेअर अजूनही मान टाकायचंच.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, ‘फोटोवर 2005 दाखवते, तवा कॅमेरा होता कुठं आपल्या घरी?’ तुमचं बरोबर आहे. कॅमेरा दादानं 2007 च्या दिवाळीत आणला. पण हा 2005 आला कुठून, ते ऐका.

डिजिटल कॅमेरा फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत एक चिठ्ठीही त्याच फाइलमध्ये ठेवतो. कोणता कॅमेरा, किती उजेड घेतला, फ्लॅश पडला की नाही, आणि त्या क्षणी कॅमेऱ्याच्या घड्याळात काय वाजलं होतं. या चिठ्ठीला एक्झिफ म्हणतात. तिची पद्धत 1995 साली जपानमध्ये ठरली. ती वाचायला ते सॉफ्टवेअर लागतच नाही. फोटोवर माऊसचं उजवं बटण दाबा, ‘प्रॉपर्टीज’ येतं, त्यात ‘डिटेल्स’. तिथं ‘डेट टेकन’समोरची तारीख खरी चिठ्ठीतली. ‘डेट क्रिएटेड’ पाहून फसू नका, ती फाइल त्या कॉम्प्युटरवर कधी आली ते सांगते. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंवर ती गेल्या महिन्याचीच आहे.

हजारभर फोटोंचं असं एकेक करून कधी व्हायचं? म्हणून मी एक्झिफटूल वापरलं. फिल हार्वे नावाच्या माणसानं 2003 पासून ते फुकट ठेवलं आहे. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. त्याच्या चिन्हावर फोटो ओढून सोडला की काळी खिडकी उघडते आणि चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर ओळीनं लिहून येतं. नुसतं वाचल्यानं फोटोला काही होत नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. कोण कुठला, पण आपल्या घरची गोष्ट त्याच्यामुळं कळली.

पोळ्याच्या आदल्या दिवशीच्या खांदशेकणीचा फोटो त्यावर सोडला. बाबा, तुम्ही पांढऱ्या बैलाच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावताय. आजी बाजूला बसली आहे आणि तिचं तोंड उघडं आहे. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणत असणार. आणि कॅमेऱ्याची तारीख 9 जानेवारी 2005! जानेवारीत कुठली खांदशेकणी? त्या कॅमेऱ्यातली बॅटरी पार उतरली की घड्याळ मागे जाऊन 1 जानेवारी 2005 वर बसायचं, आणि ते लावायचं आपल्यापैकी कोणालाच सुचलं नाही. म्हणजे घड्याळ चुकीच्या जागेवरून निघालं, पण पुढं चाललं बरोबर.

मग वर्ष कोणतं? आई, त्या फोटोत ताईची लेक तुझ्या मांडीवर आहे. ती मार्च 2008 ची, म्हणजे तेव्हा पाच महिन्यांची. 2008 चा पोळा 30 ऑगस्टला होता, म्हणून खांदशेकणी 29 ची. दोन तारखांमध्ये 1328 दिवसांचं अंतर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल घेऊन उभी आहेत, त्या फोटोवर 11 जानेवारी आहे. त्यात 1328 मिळवले की 31 ऑगस्ट येतो, अगदी तान्ह्या पोळ्याचाच दिवस. हिशेब जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठलो.

आता सीतादहीचा फोटो. आजी कपाशीच्या तासात बसली आहे, पुढ्यात दही-भाताचं पान, पदरात पहिल्या वेचणीचा कापूस. आई, तू नेहमी म्हणतेस की हा आदल्या वर्षीचा, कारण पडल्यानंतर ती वावरात गेलीच नाही. आणि मग तेच वाक्य, ‘मी राखीले माहेरी गेली नसती तं ती पडली नसती.’ इतकी वर्षं ते मी ऐकत आलो आणि दर वेळी गप्प बसलो.

त्या फोटोची चिठ्ठी म्हणते 27 फेब्रुवारी 2005. त्यावर 1328 दिवस मिळव. 17 ऑक्टोबर 2008. कॅमेऱ्यातले तासही चुकीचे असल्यामुळे एखादा दिवस मागेपुढे धर. पण आजी पडली ती त्याच वर्षीच्या राखीत, आणि ती राखी 16 ऑगस्टला होती. म्हणजे पडल्यावर दोन महिन्यांनी आजी वावरात बसली होती.

तारीख कळल्यावर मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर जो फिरतो तो लहान आणि धुरकट झालेला आहे. मुळात तिच्या उजव्या गुडघ्यापाशी, मातीच्याच रंगाची, काठी आडवी पडलेली दिसते. ती बांबूची काठी, जिच्या मुठीला तू जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून दिली होतीस. चिंधीचा हिरवा रंगसुद्धा दिसतो. ती काठी पडण्याच्या आधी घरात नव्हतीच, आई.

बाबा आजीला बंडीत बसवून घेऊन गेले असतील आणि तू बाळापाशी घरी राहिली असशील. बाबा, जरा आठवून पाहा. आई, आजी पुढं संक्रांतीनंतर वारली, पण मधल्या काळात ती उठली होती, वावरापर्यंत गेली होती, आणि तुझ्या शेकानं नि तेलानं गेली होती. तू जे मनात धरून बसली आहेस ते सोड, एवढं माझं ऐक.

दोन कामं आहेत. कपाटातल्या डब्यात कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड असेल, नखापेक्षा थोडं मोठं, निळं. ते कोणाला देऊ नका आणि कॉम्प्युटरला लावूही नका, मी आल्यावर बघतो. अर्धा उतरलेला निंबाचा फोटो त्यावर पूर्ण असेल अशी मला आशा आहे. आणि ताईला फोटो पाठवायचे तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि आतली चिठ्ठीही गळून जाते.

सीतादहीचा फोटो मोठा छापून आणतो आहे. मागची बाजू कोरी ठेवायला सांगितलं आहे. आई, तारीख तुझ्या हातानं लिही.

तुमचा,
धाकटा