ताई, तुम्ही ‘घे’ही म्हणाला नाहीत आणि ‘नको’ही म्हणाला नाहीत

प्रिय ताई,

हे सगळं तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. आपल्या मंडळात हळदीकुंकू असो की गणपतीच्या आरतीनंतरची पंगत, हल्ली हा विषय निघतोच: “पिस्तुलाचं लायसन्स काढावं का गं?” आणि निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते टेक्ससमध्ये राहायचं आणि पिस्तूल बाळगायचं नाही हा शुद्ध बावळटपणा. दुसऱ्याच्या मते असली अवदसा आपल्यासारख्यांनी घरात आणूच नये. तुम्ही स्वतः कित्येक वर्षं पर्समध्ये पिस्तूल बाळगता, तरी दोन्हीकडच्या वादात पडत नाही. माझं भलं झालं ते त्यामुळेच.

मे २०२३ मध्ये डॅलसजवळच्या अ‍ॅलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ माणसं गेली, त्यांत हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनियर होती. आपण सगळ्या तिथे सेलच्या दिवसांत हिंडलेल्या. त्यानंतर रात्री दहाला फार्मसी बंद करून गाडीपर्यंत चालत जाताना माझ्या पाठीला डोळे फुटायला लागले. त्यात ग्रीन कार्ड हातात आलेलं. एच-वन-बीवर असताना प्रश्नच नव्हता, कारण तशा व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे. (हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं. नुकतीच आलेली पोरं हौसेने शूटिंग रेंजवर जाऊन फोटो टाकतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.) आता कायद्याची आडकाठी नव्हती. मग ठरवायचं मलाच होतं, आणि ते मला जमेना.

जमणार तरी कसं? माझा जन्म सदाशिव पेठेतला. पाहिलेलं हत्यार म्हणजे बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याची दुनळी, आणि खंडेनवमीला पूजेत मांडलेली आजोबांची गंजकी तलवार. वडिलांच्या ओळखीच्या एका बिल्डरकडे परवान्याचं पिस्तूल होतं म्हणे, पण निवडणूक लागली की तेही पोलीस ठाण्यात जमा करावं लागायचं. आणि इथे २०२१ च्या १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, कायद्याने मनाई केलेली नसेल तर, परवान्याशिवायच कमरेला पिस्तूल लावून हिंडता येतं! मी तुम्हाला हेच विचारलं होतं: मग परवाना काढायचा तरी कशाला?

तुम्ही ते समजावून सांगितलंत, तेही चहा गाळता गाळता. केंद्राच्या कायद्याने शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेता येत नाही. त्यातून सुटका आहे ती राज्याने परवाना दिलेल्याला. आपल्या गावात हजार फुटांत शाळा लागणार नाही असा रस्ता दाखवा! शिवाय दुसऱ्या राज्यात गेलं तर तिथे टेक्ससचा परवाना चालतो की नाही एवढंच पाहायचं. परवानाच नसेल तर सगळंच अवघड. “आणि मुख्य म्हणजे,” तुम्ही म्हणालात, “त्या निमित्ताने कुणीतरी तुला चार तास समोर बसवून कायदा शिकवतं.”

पण त्याआधी तुम्ही मला विचारलंत, “तुला भीती नेमकी कुठे वाटते?”

मी म्हटलं, दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंत.

“कामावर पिस्तूल न्यायला परवानगी आहे?”

नव्हती. कंपनीच्या नियमात साफ लिहिलंय. २०११ च्या कायद्यामुळे नोकरदाराला ते पार्किंगमध्ये आपल्या बंद गाडीत ठेवता येतं, एवढीच सवलत.

“म्हणजे तू अंधारात चालत असशील तेव्हा ते गाडीत. तू गाडीत पोचलीस की ते तुझ्या हाताशी. आणि दिवसभर गाडीत पडून राहणार, काच फोडणाऱ्याच्या सोयीसाठी.”

मला हसू फुटलं. इतके दिवस मी ब्रँड, वजन, किंमत यांचे व्हिडिओ बघत होते, आणि इतकी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

तरीही तुम्ही तिथे थांबला नाहीत, याचे मला विशेष आभार मानायचेत. “नको घेऊस” म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही म्हणालात, निदान शिकून तर घे, मग नाही म्हण. वर्ग ऑनलाइनही करता येतो, पण तुम्ही मला त्या म्हाताऱ्या निवृत्त शेरीफच्या वर्गातच बसवलंत, कारण तिथे शंका विचारता येतात. मी विचारल्याही भरपूर. तिथे कळलं की दारावर ३०.०६ या कायद्याच्या कलमाची इंग्रजी-स्पॅनिश मनाईची पाटी दिसली की दडवलेलं पिस्तूल घेऊन आत पाऊल टाकायचं नाही, आणि लाल ५१ चा आकडा म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होणारं ठिकाण, तिथे तर नाहीच नाही. भांडण न वाढवता कसं मिटवायचं हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे, याचं मला नवल वाटलं. खरं सांगू, कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाने पार्किंगच्या जागेवरून हॉर्नसुद्धा वाजवू नये, हे त्या शेरीफचं वाक्य आमच्या घरच्यांनाही लागू पडेल.

मग रेंज. ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. पहिल्या गोळीनंतर माझे हात इतके थरथरले की तुम्ही मागून खांद्यावर हात ठेवलात आणि काही बोलला नाहीत. मी पास झाले, बऱ्यापैकी गुणांनी. आणि तेव्हाच लक्षात आलं की ही परीक्षा किती हलकी आहे. कागदाचं लक्ष्य हलत नाही, ओरडत नाही, त्याच्यामागे कुणाचं मूल उभं नसतं.

परतताना गाडीत तुम्ही दोन घटना सांगितल्यात. पहिली आपल्या शेजारची, फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंटची. २०१९ च्या डिसेंबरात तिथल्या चर्चमध्ये एकाने दोघांना मारलं आणि जॅक विल्सन नावाच्या गृहस्थांनी त्याला सहा सेकंदांच्या आत एका गोळीत पाडलं. ते स्वतः नेमबाजी शिकवणारे होते, उभ्या आयुष्याचा सराव. दुसरी कोलोरॅडोतल्या अर्व्हाडाची, २०२१ ची. जॉनी हर्ली याने हल्लेखोराला गोळी घातली, त्याची रायफल हातात घेतली, आणि नंतर पोचलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केलं. मी विचारलं, आणि आपल्या रंगाच्या माणसाचं काय? तुम्ही फिलांडो कॅस्टील या कृष्णवर्णीय माणसाचं नाव घेतलंत, ज्याची गाडी पोलिसाने अडवली होती. २०१६, मिनेसोटा. परवाना होता, पोलिसाला स्वतःहून सांगितलं की जवळ पिस्तूल आहे, आणि काही क्षणांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो पोलीस पुढे निर्दोष सुटला. “म्हणून मला अडवलं की मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते आणि विचारल्याशिवाय हलत नाही,” तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात तक्रार नव्हती, हे मला जास्त टोचलं.

आणि मग घराच्या दारात गाडी थांबवून तुम्ही तो प्रश्न विचारलात, जो मंडळात कुणी कुणाला विचारत नाही. “घरात कुणाचं मन खचलंय का?”

तेव्हा ह्यांची नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. ते रात्री जागे असायचे, दिवसा बोलायचे नाहीत. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही उपदेश केला नाहीत. एवढंच म्हणालात की या देशात बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्या हाताने जातात. नंतर मी पाहिलं: २०२२ साली सुमारे ४८ हजारांपैकी २७ हजार. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई मी, मला ठाऊक आहे की औषधांचा ओव्हरडोस घेतलेली बहुतेक माणसं वाचतात आणि त्यातली पुष्कळ नंतर संसाराला लागतात. पिस्तूल तशी दुसरी संधी क्वचितच देतं. शिवाय मुलगा पंधरा वर्षांचा. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर इथे पालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तिजोरी घेता आली असती, पण पंधरा वर्षांच्या पोराला कुठली किल्ली सापडत नाही?

मी अर्ज केला नाही. चाळीस डॉलरची फी आणि बोटांचे ठसे, एवढंच उरलं होतं. मॅनेजरशी भांडून (हो, पिस्तुलाविना) रात्री दोघांनी मिळून दुकान बंद करायचा नियम करून घेतला आणि पार्किंगमधला बंद पडलेला दिवा लावून घेतला. ह्यांना डॉक्टरकडे नेलं. त्यांना हे पत्र दाखवलंय. त्यांनीच सांगितलं, हा भाग गाळू नकोस.

माझा निर्णय तुमच्यापेक्षा वेगळा झाला, तरी तुमच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. पेट्रोल पंपावर एकटीने काढलेल्या रात्री तुमच्या गाठीशी आहेत, तुमचं उत्तर तुमच्या जागी बरोबरच आहे.

आता एक काम. माझ्यासोबत काम करणारी नागपूरची मैत्रीण लायसन्स काढायचं म्हणतेय. ती एकटी राहते, नवऱ्याविरुद्ध तिने कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश घेतलाय, आणि मला वाटतं तिचं उत्तर ‘हो’ असेल. पुढच्या शनिवारी तिला तुमच्याकडे पाठवतेय. मला विचारलंत ते सगळं तिलाही विचारा, आणि चहात आलं जरा जास्त घाला, तिला तसा आवडतो.

तुमची,
धाकटी बहीण म्हणवून घेणारी